वॉचमनला काय सांगायचं?

सोलापूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत तीन गोष्टी आठवतात. चादर, शेंगाचटणी आणि ‘तिकडे कशाला चाललीयेस?’ हा प्रश्न. पहिल्या दोन गोष्टींबद्दल वाद नाही. तिसऱ्याचं उत्तर जानेवारीत मिळतं. संक्रांतीच्या आगेमागे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सगळं शहर तिला ‘गड्डा’ म्हणतं, आणि त्या आठवड्यात सोलापूर असं काही हॅपनिंग होतं की आपले मॉल-मल्टिप्लेक्सवाले वीकेंड त्यापुढे एकदम फिके!

तर मी आणि माझी फोटोग्राफर मैत्रीण, दोघींनी चार रात्रींचा बेत आखला. प्रश्न एकच, उतरायचं कुठं? स्टेशनजवळ, नव्या पेठेत लॉज आहेत. पण यात्रेच्या दिवसांत तिथं गर्दी, आणि आम्हाला हवं होतं जरा मोकळं काहीतरी. सकाळी सहाला आपला आपण चहा करता येईल, रात्री दोनपर्यंत लॅपटॉप उघडून बसता येईल, कुणी डिस्टर्ब करणार नाही. थोडक्यात, फ्लॅट. चार दिवसांसाठी.

तुम्ही म्हणाल, सोलापुरात असे फ्लॅट मिळतात? मिळतात की! त्यामागचं गणित मजेशीर आहे. इथली मुलं इंजिनीअर होतात आणि पुण्याला जातात. (शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस बघा, अर्धं हिंजवडी घरी चाललेलं असतं.) पगार पुण्यात, पण आईवडिलांसाठी किंवा नुसतीच गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलेला असतो जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, होटगी रोडला. तो बराच काळ बंद. दुसरीकडे अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशी देवदर्शनाची फेरी करणारी मंडळी मुक्कामाला सोलापुरात उतरतात. बंद फ्लॅट इकडे, जागा शोधणारी माणसं तिकडे. ‘डेली बेसिस’चा धंदा जमला!

फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. हुतात्मा असो की २०२३ साली सुरू झालेली वंदे भारत, मुंबई-पुण्याहून संध्याकाळी निघालं की सोलापुरात उतरायला रात्र होते. पाठीवर सॅक, हातात कॅमेरा, बाहेर रिक्षावाले, आणि बुक केलेल्या फ्लॅटचा मालक फोन उचलत नाहीये. हा सीन डोळ्यासमोर आणा. म्हणून जी काय चौकशी करायची ती घरून निघण्याआधी करायची, असं आम्ही ठरवलं. जाम चौकशी केली. त्यातच तीन फ्लॅट आणि तीन प्रकारची माणसं भेटली.

बाथटब, तोही सोलापुरात!

पहिला फ्लॅट व्हॉट्सअॅपवर आला. फोटो भन्नाट. पांढरे पडदे, लाकडी फ्लोअरिंग आणि बाथरूममध्ये चक्क बाथटब. रात्रीचे १,४९९ रुपये. डीपीवर विठ्ठलाचा फोटो. ‘यात्रेमुळे खूप डिमांड आहे, पूर्ण अॅडव्हान्स आत्ताच पाठवा’ असा मेसेज, सोबत क्यूआर कोड.

ज्याने सोलापुरात एक उन्हाळा काढलाय त्याला बाथटब बघूनच हसू येईल. या शहरात नळाला रोज पाणी येणं ही वर्षानुवर्षं न घडलेली गोष्ट. उजनी धरणातून पाणी येतं, ते भागाभागाने, काही दिवसांआड सोडलं जातं. त्यामुळे सोलापूरकराला आपला वाढदिवस एक वेळ आठवणार नाही, पण पाण्याचा वार पाठ असतो. मी साधा प्रश्न टाकला, ‘तुमच्याकडे पाणी कधी येतं?’ उत्तर आलं, ‘चोवीस तास, फाइव्ह स्टार सुविधा.’ बरं, बोअरचं की टाकीचं? टँकर लागतो का? यावर ‘पेमेंट केलं का?’ एवढंच. मग तेच फोटो इंटरनेटवर इमेज सर्चला टाकले. दुसऱ्याच देशातल्या एका हॉटेलात तो बाथटब सापडला. ब्लॉक!

हसण्यावारी न्यायचं हे प्रकरण नाही. देवदर्शनाला निघालेल्यांना गाठणं हा ऑनलाइन चोरांचा आवडता फंडा झालाय. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला एप्रिल २०२५ मध्ये त्यावर खास इशारा काढावा लागला. खोट्या वेबसाइट, फेसबुकवरची पानं, व्हॉट्सअॅप नंबर आणि सर्च इंजिनवरच्या जाहिराती यांतून हॉटेल, गेस्ट हाऊस, यात्रेच्या बुकिंगचे पैसे उकळले जातात, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे भक्तनिवासाची खोली हवी असेल तर नंबर देवस्थानच्या अधिकृत जागेवरून घ्यायचा, सर्चमध्ये सगळ्यात वर जे आलं ते उचलायचं नाही. आणखी एक. ‘डिपॉझिट परत करतो, जरा पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर समजायचं काय ते. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागतच नाही, देतानाच लागतो. पैसे गेलेच तर १९३० हा हेल्पलाइन नंबर, आणि तोही लगेच. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

मोठ्या बुकिंग अॅपवर हा धोका कमी, कारण तिथं मधे कुणीतरी उभं असतं. एअरबीएनबी घरमालकाला पैसे पाहुणा आत शिरल्यावर साधारण एका दिवसाने सोडते. म्हणूनच अॅपवर ओळख करून घेऊन ‘मॅडम, बाहेरून डायरेक्ट करू, स्वस्त पडेल’ म्हणणारे भेटतात. स्वस्त त्यांना पडतं!

‘मामेबहिणी आहोत म्हणून सांगा’

दुसरा फ्लॅट खरा होता. पाहायला गेलो असतो तर लगेच पसंत पडला असता. विजापूर रोडला, तिसरा मजला, खाली किराणा दुकान. मालक पुण्यात आयटीत, आपल्यातलाच एक म्हणा ना. व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरवून दाखवलं. पाण्याचा वारही बरोब्बर सांगितला. मी लाइट बिल मागितलं, त्याने लगेच पाठवलं.

हे लाइट बिलाचं लक्षात ठेवा. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक पेमेंट अॅपमध्ये टाकला की बिल कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. महापालिकेच्या घरपट्टीवरही नाव असतं. सोलापुरात ते बहुतेक वेळा वडिलांचं किंवा वारलेल्या आजोबांचं निघतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आडनाव जुळलं आणि समोरच्याने नातं पटकन सांगितलं की पुरे. इथं जुळलं.

मग मी विचारलं, ‘सोसायटीला माहीत आहे ना?’

‘अहो मॅडम, काय टेन्शन घेऊ नका ओ. वॉचमननं विचारलं तर मामेबहिणी आहोत म्हणून सांगा. पावती-बिवती काय देत नाही मी, कॅश चालेल.’

माझी मैत्रीण म्हणाली, ‘घेऊन टाक, माणूस चांगला आहे.’ माणूस चांगला होता, यात शंका नाही. पण मला तिथंच काहीतरी खटकलं, आणि नंतर कायदा वाचत गेले तसं ते जास्तच खटकत गेलं.

कायदा तसा एकसंध नाही. गोव्यात १९८२ पासून पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आहे, तिथं पाहुणे ठेवायचे तर पर्यटन खात्याकडे नोंद करायची, सरळ हिशेब. आपल्याकडे चार ठिकाणचे नियम जोडून बघावे लागतात. पहिला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा. त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही’ हा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला गैरसमज आहे, या कलमात महिन्यांची सूटच नाही.

आता चार रात्रींसाठी कुणी करार नोंदवत नाही, हे मान्य. मालक म्हणतो, ‘हा भाडेकरार नाहीच ओ, हा पाहुणचार आहे.’ ठीक. मग तो पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवण्याचा व्यवसाय झाला. त्यासाठी सरकारची ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ किंवा होमस्टेची नोंदणी असते, आणि केंद्राच्या योजनेची मूळ अटच अशी की घरमालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे, खोल्या जास्तीत जास्त सहा. मालक हिंजवडीत आणि किल्ली किराणा दुकानात, हे त्या चौकटीत कुठं बसतं? भाडेकरार म्हणाल तर नोंदणी नाही, पाहुणचार म्हणाल तर यजमान नाही. दोन्ही डगरींवर पाय!

सोसायटीचं म्हणाल तर सहकारी गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट दुसऱ्याला राहायला द्यायचा असेल तर संस्थेला कळवावं लागतं. त्यावर बिनभोगवटा शुल्क लागू शकतं, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सरकारी आदेश २००१ पासून आहे. म्हणजे लपवण्यासारखं त्यात फारसं काही नाही. पोलिसांचंही तेच. भाडेकरूंची माहिती पोलिस ठाण्याला द्या, असे आदेश पोलिस वेळोवेळी काढतात. पूर्वी ते १४४ कलमाखाली निघायचे, जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १६३ खाली निघतात. माहिती ऑनलाइनही देता येते. परदेशी पाहुणा असेल तर त्याची नोंद करणं बंधनकारकच.

यातलं बरंचसं मालकाच्या गळ्यात पडणारं आहे, आपल्या नाही. मग आपलं काय जातं? हाच प्रश्न मैत्रिणीने विचारला.

आपलं बरंच जातं. समजा गीझरचा शॉक बसला. बॅगेतून लेन्स गेली. रात्री अकराला सेक्रेटरी दारात आला आणि म्हणाला, कोण तुम्ही? आपण वॉचमनला आधीच सांगून बसलोय की आम्ही मामेबहिणी. पावती नाही, बिल नाही, वहीत नाव नाही. तक्रार करायला जाऊ तेव्हा पहिलं वाक्य हेच बोलावं लागणार की आम्ही खोटं बोललो होतो. मालकाने त्याची अडचण आपल्या तोंडात घातली, आणि पैसे घेऊन घातली! त्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या घरांचाही विचार करा. दर आठवड्याला नवीन मामेबहिणी येतायत आणि कुणालाच कळत नाही की जिन्यात भेटणारा माणूस कोण आहे.

जगभर हीच बोंब आहे म्हणा. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक केले. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर पालिकेकडे नोंदणी, पाहुणे जास्तीत जास्त दोन आणि यजमान स्वतः घरात हजर. बार्सिलोनाने तर पर्यटकांच्या दहा हजारांहून अधिक फ्लॅट्सचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपवायचं जाहीर केलंय. तिथं तक्रार वेगळी आहे, गावातल्या माणसाला भाड्याने घरच मिळेना. सोलापूरवर ती वेळ आलेली नाही. पण यजमान घरात हवा, ही गोष्ट न्यूयॉर्कला आणि आपल्या दिल्लीतल्या सरकारी योजनेला सारखीच सुचावी, याची गंमत वाटली.

काकूंची वही

तिसरी जागा रेल्वे लाइन्स भागात. बंगल्याचा वरचा मजला, खाली निवृत्त काका-काकू. रात्रीचे २,२०० रुपये, म्हणजे तिन्हींत महाग. बुकिंग अॅपवरून, त्यामुळे जीएसटी त्यातच लागला. घरमालक छोटा असेल, त्याची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल, तर तो कर अॅप कंपनीच भरते. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के, त्याआधी बारा होते. तेव्हा अॅपवर पैसे भरल्यावर कुणी ‘जीएसटीचे वेगळे द्या’ म्हणून हात पुढे केला तर त्याचा नंबर मागायचा. पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव दिसतं.

मी काकूंना प्रश्न विचारायच्या तयारीतच फोन केला होता. त्यांनी संधीच दिली नाही. ‘दोघी कुठल्या? काय करता? आधार पाठवा. गाडी किती वाजता? रात्री अकरानंतर गेट बंद असतंय, यात्रेचं म्हणून साडेबारापर्यंत चालेल. आणि बघा, मंगळवारी पाणी येऊन गेलंय, जपून वापरावं लागेल.’ मी मास्क केलेलं आधार पाठवलं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ते यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं आणि ओळखीसाठी पुरतं. काकूंना ते पटायला दोन फोन लागले.

पोचलो तेव्हा दारात वही तयार. नाव, कुठून आलो, कुठं जाणार, फोन, सही. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र, शेजारी स्वामी समर्थांचा फोटो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आपणहून विचारलं, ‘तुम्ही त्या काकूंकडच्या ना? पुण्याच्या?’ म्हणजे अख्ख्या गल्लीला आमची खबर होती.

खरं सांगू? आधी वैताग आला. आपण फ्लॅट घेतो तेच मुळी कुणी विचारू नये म्हणून. काकू तर दुसऱ्या सकाळी चहाबरोबर ‘लग्नाचं काय?’ इथपर्यंत पोचल्या. पण पहिल्या दोन जाहिरातींतलं सगळ्यात मोठं आमिष हेच होतं, ‘कुणी काही विचारणार नाही’. जिथं कुणी काही विचारत नाही, तिथं आपण आहोत हेच कुणाला माहीत नसतं. ती सोय आपल्यापेक्षा फसवणाऱ्याच्या जास्त कामाची आहे.

वहीची पद्धत तशी जुनीच. १८६७ च्या सराई कायद्यात सराई चालवणाऱ्याला मॅजिस्ट्रेटकडे नोंद करावी लागायची. आणि जवळच्या पंढरपुरात क्षेत्रोपाध्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू उतरत आले, त्यांच्या घराण्यांची नावं वह्यांत लिहिलेली असायची. आजोबा कुणाकडे उतरले होते ते नातवाला वहीत दिसायचं. आजच्या भाषेत रेटिंग आणि रिव्ह्यूच की ते!

जोडप्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण हा प्रश्न ऑफिसात हमखास येतो. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही. कोइमतूरमधलं एक सर्व्हिस अपार्टमेंट अशाच कारणावरून सील केलं होतं, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये हे स्पष्ट म्हटलं आणि सील काढायला लावलं. मात्र यजमान आपल्या घरात नाही म्हणू शकतो. म्हणून आधी विचारा, आणि नवरा-बायको आहोत अशी थाप मारून आत शिरू नका. परत तोच मामेबहिणींचा घोळ.

आता गड्ड्याबद्दल. भोगीच्या दिवशी सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ती उंचच्या उंच काठी कमरेला पेलून चालतात, शहराच्या पंचक्रोशीतल्या अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा. सिद्धेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येची कथा आहे, तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं म्हणतात, त्याचा हा सोहळा. हजारो हात एकाच वेळी वर जातात आणि अक्षतांचा पाऊस पडतो. मैत्रिणीच्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये ज्वारीचे दाणे सापडले, कारण इथं अक्षता तांदळाच्या नसतात, ज्वारीच्या असतात. तळ्यातलं देऊळ, मागे भुईकोट किल्ल्याचे बुरूज, होम मैदानावर पाळणे, आणि मराठी, कन्नड, तेलुगू एकाच रांगेत ऐकू येतात. रात्री एक वाजता परत आलो. ठरल्यापेक्षा अर्धा तास उशीर. गेट उघडं होतं आणि काका स्वेटर घालून पायरीवर बसले होते. ‘झालं का बघून?’ एवढंच विचारलं.

निघताना बिल मिळालं. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी, त्याचे पैसे घेतले नाहीत. विजापूर रोडवाल्या मालकाचा पुण्यात परत फोन आला, पुढच्या वेळी या म्हणून. मी त्याला पर्यटन खात्याच्या नोंदणीबद्दल सांगितलं. ‘आईबाबांना तिथंच राहायला बोलावतो, मग बसेल का?’ म्हणाला. बसेल की! मागची एक खोली पाहुण्यांना देता येईल, फक्त सोसायटीला सांग म्हटलं.

आषाढीला मैत्रिणीच्या ऑफिसातल्या चौघी वारीचे फोटो काढायला जाणार आहेत. त्यांनी काकूंचा नंबर नेलाय. काकूंचा मला लगेच मेसेज आला, ‘मास्कवालं आधार चालेल म्हणून सांगा त्यांना. पण फोटोत तोंड दिसू दे.’